कोल्हापुरातील फुटबॉल आणि पेठनिष्ठा

कोल्हापुरातील फुटबॉल ही महाराष्ट्रातील कोल्हापूर शहरात पेठा व तालीम मंडळे यांच्या आधारावर विकसित झालेली स्थानिक क्रीडापरंपरा आहे. या परंपरेत फुटबॉल संघ हा स्वतंत्र व्यावसायिक संस्था नसून बहुधा एखाद्या पेठेतील तालमीचा किंवा तरुण मंडळाचा भाग असतो. त्यामुळे समर्थकाची संघनिष्ठा त्याच्या निवासस्थानाशी, कुटुंबाशी आणि पेठेतील सार्वजनिक जीवनाशी जोडलेली असते. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ आणि बालगोपाल तालीम मंडळ हे या परंपरेतील प्रमुख संघ होत. शहरातील बहुतेक महत्त्वाचे सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. स्पर्धांचे नियमन कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था करते. ती 'केएसए' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

क्लबविषयीची पिढीजात निष्ठा आणि शेजारच्या क्लबशी चालणारी चुरस ही इंग्लंडमधील फुटबॉलची वैशिष्ट्ये मानली जातात. कोल्हापुरात याच वैशिष्ट्यांचा स्थानिक आविष्कार आढळतो. ही चुरस खेळीमेळीची राहील की तिचे वैरात रूपांतर होईल, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी वेळोवेळी उपस्थित झाला आहे.

## संज्ञा

कोल्हापूरच्या बोलीत दोन संघांमधील चुरशीसाठी 'ईर्षा' हा शब्द रूढ आहे. प्रमाण मराठीत 'ईर्ष्या' या शब्दाला मत्सराची छटा असली, तरी कोल्हापुरी वापरात 'ईर्षेने खेळणे' म्हणजे जिद्दीने, प्रतिपक्षापेक्षा सरस ठरण्याच्या निर्धाराने खेळणे होय. हा शब्द कुस्ती, बैलगाडी शर्यत, गणेशोत्सवाची मिरवणूक आणि फुटबॉल अशा सर्वच क्षेत्रांत वापरला जातो. याउलट 'खुन्नस' हा शब्द वैयक्तिक आकस किंवा डूख या अर्थाने येतो. ईर्षा ही मैदानापुरती आणि सर्वमान्य समजली जाते, तर खुन्नस मैदानाबाहेर टिकणारी आणि निंद्य समजली जाते. स्थानिक फुटबॉलविषयीच्या चर्चेत हा भेद मूलभूत आहे.

'तालीम' या शब्दाचा मूळ अर्थ व्यायामशाळा किंवा कुस्तीचा आखाडा असा आहे. कोल्हापुरात मात्र तालीम ही पेठेची सार्वजनिक संस्था असून तिच्या नावाने उत्सव, समाजकार्य आणि खेळ असे अनेक उपक्रम चालतात.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

### तालमींची परंपरा

राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी १८९४ साली कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेतला. त्यांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयामुळे कोल्हापूर मल्लविद्येचे केंद्र बनले. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान हे त्या काळाचे स्मारक होय. संस्थानभरातून आणि बाहेरूनही मल्ल शहरात येऊ लागले. पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या आणि 'आपल्या तालमीचा पैलवान' ही पेठेच्या अभिमानाची बाब ठरली.

कुस्तीमुळे दोन गोष्टी रुजल्या. पहिली, खेळाडूचा विजय हा संपूर्ण पेठेचा विजय मानण्याची वृत्ती. दुसरी, चुरशीच्या सामन्यासाठी हजारोंच्या संख्येने मैदानावर जाण्याची सवय. पुढे शहरात फुटबॉल लोकप्रिय झाला, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्याला आयत्या मिळाल्या.

### फुटबॉलचा प्रसार

फुटबॉलचे आधुनिक नियम १८६३ साली लंडन येथे स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनने प्रथम सूत्रबद्ध केले. ब्रिटिश सैनिक, अधिकारी, शिक्षक व मिशनरी यांच्यामार्फत हा खेळ भारतात आला. १८८८ साली सिमला येथे ड्युरँड चषक, तर १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक ही स्पर्धा सुरू झाली. आरंभी या स्पर्धांवर लष्करी पलटणींच्या संघांचे वर्चस्व होते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान या भारतीय संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. त्या विजयाने हा परदेशी खेळ भारतीय जनतेचा झाला, असे मानले जाते.

कोल्हापुरात हा खेळ संस्थानकाळातच रुजला. राजघराण्याने कुस्तीप्रमाणे मैदानी खेळांनाही उत्तेजन दिले. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तथापि, या संस्थेशी छत्रपती घराण्याचा संबंध पुढेही कायम राहिला.

फुटबॉलला लागणारे साहित्य अल्प असते. एक चेंडू आणि मोकळी जागा एवढ्यावर वीस-बावीस मुले खेळू शकतात. पेठांतील गल्ल्या, गांधी मैदान, दुधाळी मैदान, पेटाळा आणि मेरी वेदर मैदान येथे खेळणारी मुले पुढे आपापल्या तालमीच्या संघात दाखल होत. अशा रीतीने आखाड्यातील ईर्षा मैदानावर आली.

## संघ व पेठा

कोल्हापुरातील संघांच्या नावांतूनच त्यांचे स्वरूप स्पष्ट होते. बहुसंख्य नावांत 'तालीम मंडळ' किंवा 'तरुण मंडळ' हे शब्द आढळतात. काही प्रमुख संघ पुढीलप्रमाणे आहेत :

* पाटाकडील तालीम मंडळ (मंगळवार पेठ) – 'पीटीएम' या आद्याक्षरांनी परिचित
* बालगोपाल तालीम मंडळ (मंगळवार पेठ)
* शिवाजी तरुण मंडळ (शिवाजी पेठ)
* खंडोबा तालीम मंडळ (शिवाजी पेठ)
* संध्यामठ तरुण मंडळ (शिवाजी पेठ)
* दिलबहार तालीम मंडळ (रविवार पेठ)
* जुना बुधवार पेठ तालीम मंडळ
* ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ
* फुलेवाडी फुटबॉल क्रीडा मंडळ
* प्रॅक्टिस फुटबॉल क्लब

यादीवरून लक्षात येते की एकाच पेठेत एकाहून अधिक नामांकित संघ आहेत. त्यामुळे चुरस केवळ पेठ विरुद्ध पेठ अशी नसते. मंगळवार पेठेतील पाटाकडील व बालगोपाल किंवा शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण व खंडोबा यांच्या समर्थकांची घरे परस्परांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. हेच समर्थक अन्य प्रसंगी 'आम्ही शिवाजी पेठेचे' किंवा 'आम्ही मंगळवार पेठेचे' म्हणून एकत्र येतात. निष्ठेची अशी वर्तुळे एकात एक गुंफलेली असणे हे कोल्हापुरी फुटबॉलचे वैशिष्ट्य होय.

तालमीचे कार्य फुटबॉलपुरते मर्यादित नसते. गणेशोत्सव, शिवजयंती, त्र्यंबोली यात्रा यांत तालमींचा पुढाकार असतो. अनेक तालमींमध्ये हिंदू कार्यकर्त्यांच्या सहभागाने मोहरमचे पंजेही बसवले जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहरातील मंडळांनी मदतकार्यात भाग घेतला. म्हणून समर्थकाच्या दृष्टीने संघ म्हणजे केवळ मैदानावरील अकरा खेळाडू नव्हेत. वर्षभर ज्या संस्थेत त्याचा वावर असतो, तिचेच ते एक रूप असते.

## हंगाम व स्पर्धा

स्थानिक फुटबॉल हंगाम सामान्यतः हिवाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपतो. हंगामाच्या आरंभी केएसएकडे संघांची व खेळाडूंची नोंदणी होते. कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडून खेळणार हे या नोंदणीत निश्चित होत असल्याने तो काळ समर्थकांच्या दृष्टीने सामन्यांइतकाच उत्कंठेचा असतो. एखादा खेळाडू प्रतिस्पर्धी तालमीकडे गेल्यास त्याची चर्चा पेठेत दीर्घकाळ चालते.

हंगामातील पहिली महत्त्वाची स्पर्धा ही केएसएची साखळी स्पर्धा असते. अलीकडच्या हंगामांत तिच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळत आले आहेत. साखळी स्पर्धेनंतर विविध मंडळे व संयोजक यांच्या वतीने बाद पद्धतीच्या स्पर्धा भरवल्या जातात. महापौर चषक, अटल चषक, सतेज चषक इत्यादी स्पर्धा त्यांपैकी होत. स्पर्धांना राजकीय व्यक्ती व स्थानिक व्यावसायिक यांचे पाठबळ मिळत असल्याने बक्षिसांच्या रकमा वाढल्या आहेत.

पूर्वी संघांतील बहुतेक खेळाडू पेठेतीलच असत. पुढे अन्य जिल्ह्यांतील तसेच नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतील खेळाडूंना मानधन देऊन खेळवण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे खेळाचा दर्जा उंचावला, असे एक मत आहे. स्थानिक मुलांच्या संधी कमी झाल्या, असे दुसरे मत आहे. पेठेच्या नावाने खेळणारा संघ पेठेतील खेळाडूंचा असावा काय, हा वाद संघनिष्ठेच्या अर्थाशीच निगडित आहे. प्रत्यक्षात बाहेरून आलेल्या खेळाडूने तालमीची जर्सी घातली की समर्थक त्याला आपला मानतात, असे दिसते.

## समर्थक

प्रमुख संघांच्या सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच समर्थक गटागटाने स्टेडियमकडे निघतात. प्रेक्षकगॅलरीत प्रत्येक तालमीच्या समर्थकांच्या जागा रूढीने ठरलेल्या असतात. संघाच्या रंगाचे झेंडे, हलगी-ताशांचा कडकडाट, घोषणा आणि प्रतिपक्षाला उद्देशून मारलेले टोमणे यांनी गॅलरी दुमदुमून जाते. गुलाल व आतषबाजी यांसह निघणारी विजयी मिरवणूक तालमीच्या दारात संपते.

समर्थकांमध्ये शाळकरी मुलांपासून वयोवृद्धांपर्यंत सर्व वयांचे लोक असतात. ज्येष्ठ समर्थक जुन्या सामन्यांतील गोल, हुकलेल्या पेनल्टी आणि वादग्रस्त निर्णय बारकाव्यांसह सांगतात. लिखित इतिहास तुलनेने कमी असल्याने कोल्हापुरी फुटबॉलची स्मृती बऱ्याच अंशी अशा कथनातून टिकून आहे. संघनिष्ठा मुख्यतः वारशाने येते. मूल ज्या गल्लीत वाढते, त्या गल्लीच्या तालमीचा संघ हा त्याचा संघ असतो. नोकरी किंवा विवाहानिमित्त पेठ सोडून उपनगरात स्थायिक झालेली माणसेही आपल्या मूळ तालमीचे समर्थक राहतात.

विश्वचषक स्पर्धेच्या काळात शहरात आणि जिल्ह्यात ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल इत्यादी देशांचे झेंडे व खेळाडूंचे भव्य फलक लावले जातात. टीव्हीवर इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने पाहणारी तरुण पिढी एकाच वेळी मँचेस्टर युनायटेड किंवा लिव्हरपूलची चाहती आणि आपल्या तालमीची समर्थक असते. पहिली निष्ठा आवडीने निवडलेली असते. दुसरी जन्माने लाभलेली असते.

## इंग्लंडमधील परंपरेशी तुलना

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक शहरांतील कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली. त्या वेळेत फुटबॉल पाहण्याची प्रथा पडली. चर्च, कारखाने व शाळा यांच्याशी संलग्न मंडळांतून अनेक क्लब निर्माण झाले. १८८८ साली १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. इंग्लिश क्लबांचा उगम असा वस्तीपातळीवरील संस्थांतून झाला असल्याने त्यांची तुलना तालीम संघांशी करता येते.

एकाच शहरातील दोन क्लबांच्या सामन्याला तेथे 'डर्बी' म्हणतात. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन व लिव्हरपूल यांचा सामना 'मैत्रीपूर्ण डर्बी' म्हणून प्रसिद्ध आहे. एव्हर्टनचा उगम १८७८ साली एका चर्चच्या संघातून झाला. हा क्लब प्रारंभी अॅनफिल्ड मैदानावर खेळत असे. जॉन हौल्डिंग यांच्याशी झालेल्या मतभेदांमुळे १८९२ साली तो गुडिसन पार्क येथे गेला आणि रिकाम्या झालेल्या अॅनफिल्डवर हौल्डिंग यांनी लिव्हरपूल हा नवा क्लब स्थापन केला. ही दोन मैदाने स्टॅन्ली पार्क या उद्यानाच्या दोन बाजूंना, एक मैलाहूनही कमी अंतरावर होती. २०२५ साली एव्हर्टनने गोदी परिसरातील नव्या मैदानात स्थलांतर करीपर्यंत हे शेजार टिकले.

या शहरात एकाच घरातील दोन भाऊ किंवा बाप व मुलगा भिन्न क्लबांचे समर्थक असणे सर्वसामान्य मानले जाते. मार्च १९८४ मध्ये वेम्बली येथे लीग चषकाचा अंतिम सामना या दोन संघांत झाला. बेरोजगारीने ग्रासलेल्या शहरातून आलेल्या दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी तो एकमेकांत मिसळून पाहिला आणि शहराच्या नावाचा एकत्र घोष केला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्ड येथील हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा बळी गेला. त्यानंतर लाल व निळे गळपट्टे एकमेकांना बांधून अॅनफिल्डपासून गुडिसन पार्कपर्यंत साखळी करण्यात आली. त्याच वर्षी २० मे रोजी एफए चषकाच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. लिव्हरपूलने तो ३–२ असा जिंकला.

कोल्हापूर व लिव्हरपूल यांत एक भेद आहे. लिव्हरपूलमध्ये क्लबनिष्ठा वस्तीच्या सीमांनी विभागलेली नाही. कोल्हापुरात ती प्रामुख्याने पेठ आणि गल्ली यांवरून ठरते. त्यामुळे लिव्हरपूलमध्ये प्रतिस्पर्धी एकाच घरात असतो, तर कोल्हापुरात तो बहुधा पुढच्या गल्लीत असतो.

## चुरशीच्या मर्यादा

संघनिष्ठेचे हिंसेत रूपांतर झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्समधील हेझल मैदानावर लिव्हरपूल व युव्हेंटस यांच्या सामन्यापूर्वी झालेल्या हुल्लडबाजीत ३९ जणांचा मृत्यू झाला. परिणामी इंग्लिश क्लबांना १९९० पर्यंत युरोपीय स्पर्धांतून वगळण्यात आले. मैत्रीपूर्ण डर्बीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराचेच समर्थक या घटनेत गुंतलेले होते, ही बाब उल्लेखनीय आहे. भारतात १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ बंगालमध्ये हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो. याच दोन क्लबांचे समर्थक १८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांचा नियोजित सामना रद्द झाल्यानंतर, एका तरुण महिला डॉक्टरच्या हत्येच्या निषेधार्थ मोहमेडन स्पोर्टिंगच्या समर्थकांसह एकत्र रस्त्यावर उतरले.

कोल्हापुरातही सामन्यादरम्यान व सामन्यानंतर हाणामारी, दगडफेक आणि मैदानात घुसखोरी असे प्रकार घडले आहेत. त्यामुळे काही वेळा सामने थांबवावे लागले आहेत. मोठ्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त असतो. बेशिस्त खेळाडू व संघ यांच्यावर केएसए कारवाई करते. समाजमाध्यमांवरील चिथावणीखोर मजकूर हे तणावाचे अलीकडील कारण आहे. पूर्वी गॅलरीतील टोमणा सामन्याबरोबर संपत असे. आता तो लिखित स्वरूपात उरतो आणि मैदानावर नसलेल्यांपर्यंतही पोहोचतो.

हुल्लडबाजीची किंमत मुख्यतः खेळाडूंना मोजावी लागते. हंगाम स्थगित झाल्यास तरुण खेळाडूंचे एक वर्ष वाया जाते. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेल्यास समर्थक तरुणाच्या नोकरीच्या मार्गात अडथळे येतात. पालक मुलांना मैदानावर पाठवण्यास कचरतात आणि तालमीचा भावी खेळाडू तिच्यापासून दूर जातो.

चुरस मर्यादेत ठेवणारे घटकही समाजातच आहेत. भिन्न पेठांतील मुले एकाच शाळेत व महाविद्यालयात शिकतात. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत प्रतिस्पर्धी संघांचे समर्थक एकाच पाळीत काम करतात. पेठापेठांत सोयरिकी असतात. शहराचा किंवा जिल्ह्याचा संघ निवडला जातो, तेव्हा प्रतिस्पर्धी तालमींचे खेळाडू एका जर्सीत खेळतात. रविवारी गॅलरीत दिलेल्या टोमण्याला सोमवारी कारखान्याच्या उपाहारगृहात उत्तर मिळते आणि त्या उत्तरावर दोघेही हसतात. ज्याच्याशी उद्या पुन्हा भेट होणार आहे, त्याच्याशी ईर्षा करता येते, वैर परवडत नाही. तालमींतील ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा शब्द हाही महत्त्वाचा अंकुश राहिला आहे.

## मालकी आणि निष्ठा

क्लब नेमका कोणाचा, हा प्रश्न इंग्लंडमध्ये अनेकदा उद्भवला आहे. दक्षिण लंडनमधील विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवण्यास २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब स्थापन केला. खालच्या श्रेणींतून वाटचाल करत हा क्लब २०११ साली फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. २०२० साली तो प्लाऊ लेन या आपल्या मूळ परिसरात परतला. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडमधील सहा श्रीमंत क्लबांनी युरोपियन सुपर लीग या बंदिस्त स्पर्धेत सामील होण्याचे जाहीर केले. एरवी परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या समर्थकांनी त्याला एकमुखाने विरोध केला आणि दोन दिवसांत सहाही क्लबांना माघार घ्यावी लागली.

महाराष्ट्र व गोव्यात उद्योगसमूहांच्या मालकीच्या संघांचा अनुभव बोलका आहे. राष्ट्रीय पातळीवर यशस्वी ठरलेला मुंबईतील महिंद्रा युनायटेड हा संघ २०१० साली बंद करण्यात आला. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ साली विसर्जित झाला. गोव्यातील साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ साली आय-लीगमधून माघार घेतली. या संघांना समर्थक होते, परंतु निर्णय मालकांच्या हाती होता.

कोल्हापुरातील तालीम संघांचे आर्थिक बळ याच्या तुलनेत अत्यल्प आहे. तथापि, ते बंद करण्याचा अधिकार कोणा एका मालकाकडे नाही. वर्गणी, देणग्या व स्पर्धांची बक्षिसे यांवर ते चालतात. एखाद्या हंगामात संघ तळाला गेला, तरी तालीम राहते आणि पुढच्या हंगामात संघ पुन्हा उभा राहतो. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत प्रवेश न मिळणे ही या रचनेची मर्यादा होय आणि पिढ्यान्पिढ्या टिकून राहणे हे तिचे बलस्थान होय.

## रायगड किनाऱ्यावरील समांतर परंपरा

वस्तीशी जोडलेली संघनिष्ठा महाराष्ट्रात अन्य खेळांतही आढळते. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड या भागात कबड्डी व टेनिस चेंडूवरील क्रिकेट हे खेळ लोकप्रिय आहेत. येथे कोल्हापुरातील पेठेची जागा गाव, पाडा, आळी किंवा कोळीवाडा यांनी घेतलेली दिसते. अनेक संघ ग्रामदेवतेचे नाव धारण करतात.

रेवदंडा हे गाव कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेले असून खाडीच्या पलीकडे कोर्लई आहे. अशा किनारी गावांत ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली, कठीण वाळू हेच मैदान असते आणि भरती येताच खेळ आटोपता घ्यावा लागतो. पावसाळ्यानंतर, विशेषतः सुट्ट्यांच्या व यात्रा-उत्सवांच्या काळात सामने भरवले जातात. नोकरीनिमित्त मुंबईत राहणारे तरुण त्यासाठी गावी येतात. कबड्डीच्या मैदानाभोवती बसलेले दोन गावांचे समर्थक चढाईगणिक एकमेकांना डिवचतात. मात्र बाजार, शाळा, मासेमारी आणि सोयरिक यांमुळे त्यांचे संबंध वर्षभर चालू असतात. खेळ निराळा असला, तरी निष्ठेची आणि संयमाची रचना कोल्हापुरासारखीच आहे.

## खेळाडू व महिला फुटबॉल

कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील फिफा विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघातून खेळला. पुढे त्याने इंडियन सुपर लीगमध्येही प्रतिनिधित्व केले. त्याच्या निवडीचे स्वागत शहरातील सर्व पेठांनी केले. स्थानिक फुटबॉलमधील गुणी खेळाडूंना राष्ट्रीय पातळीचा मार्ग दिसू लागल्याने बालवयीन गटांच्या प्रशिक्षणाकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले.

एफसी कोल्हापूर सिटी या महिला संघाने इंडियन विमेन्स लीग या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला आहे. तालीम ही परंपरेने पुरुषांची संस्था असल्याने महिला फुटबॉलचा विकास मुख्यतः शाळा, महाविद्यालये व स्वतंत्र क्लब यांच्या माध्यमातून झाला. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ पेठेच्या नव्हे, तर शहराच्या नावाने खेळतो.

## हे सुद्धा पाहा

* राजर्षी शाहू महाराज
* खासबाग मैदान
* रोव्हर्स चषक
* मर्सीसाइड डर्बी
* कोलकाता डर्बी
* कबड्डी
* रेवदंडा